वादळानंतरचं अंगण : आपापले अनुभव लिहा

मंडळी, मे सरत आला की मला १७ मे २०२१ चा सोमवार आठवतो. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, समुद्रातूनच वर सरकलं आणि रात्री सौराष्ट्रात धडकलं. तरी सकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कैऱ्यांचा सडा पडला होता. आईने पाट्या भरल्या, पण लोणचं घातलं नाही. आपटलेली कैरी आतून काळी पडते. त्याच दिवशी मेथांबा केला आणि आळीभर वाटला.

वादळाविषयी सगळे बोलतात, पण आवराआवरीचे पुढचे चार दिवस कोणी लिहून ठेवत नाही. काय आधी उचललंत, काय चुकलं, काय वाचलं, ते इथे लिहा.

नेरूळ, सिडकोचं बैठं घर
आधी मान वर करून बघा, मग खाली वाका! नारळाची झावळी वायरवर लोंबत होती. लाइट गेलेली, म्हणून सासरे कोयता घेऊन निघाले. शेजारचे वायरमन काका ओरडले म्हणून थांबले. सप्लाय कधीही परत येतो आणि ओल्या झावळीतून करंट खाली उतरतो. आम्ही दीड दिवस थांबलो, माणसं आली, मगच अंगणात उतरलो.

वर्तकनगर, सोसायटी
आमचा सोनमोहर मुळासकट आडवा झाला. त्याचं बूड मी जवळून पाहिलं. पेव्हर ब्लॉक मुळांबरोबरच उचलून आले होते, काहींच्या खाली केसासारखी पांढरी मुळं चिकटलेली. जाड मुळं हातभर जाऊन वळली होती, जणू भिंतीला अडून. पार्किंगसाठी खोडापर्यंत ब्लॉक बसवायला मीही हात वर केला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्याच धक्क्याने कोवळी बकुळ कलंडली होती. सगळे म्हणाले, तोडा. आमचे माळीमामा म्हणाले, एक बाजूची मुळं अजून मातीत आहेत, थांबा. उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाकलं. मोडक्या फांद्या साफ कापल्या, खड्डा रुंद केला आणि सायकलची जुनी ट्यूब खोडाला गुंडाळून त्यावरून दोर घेतला, म्हणजे साल सोलत नाही. चौघांनी हळूहळू ओढली. तीन बांबूंचा टेकू वर्षभर ठेवला. बकुळ जगली. तिच्याभोवतीचे ब्लॉक आम्ही कायमचे काढले.

उभं झाड तोडायचं असेल तर मात्र १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यासाठी आधी अर्ज करा.

दिवाळे गाव
झावळ्या कचऱ्यात देऊ नका गो! पाती सोलून हीर काढा, आठवडाभर वाळवा. आमच्या आयेने चौदा खराटे बांधले. त्याच खराट्यांनी मग अंगण झाडलं.

ऐरोली
आम्ही पालापाचोळा उचलला, पण ताडपत्रीच्या घड्या, फुटक्या कुंड्या, करवंट्या तशाच राहिल्या. आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. पुढे लेकीला डेंग्यू झाला. तो आमच्याच अंगणातला डास होता की नाही, कसं सांगू? पण आता पाऊस थांबला की मी आधी पालथी घालण्यासारखी भांडी शोधते. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात गमबुटाशिवाय उतरू नका, लेप्टोची (उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते.

कळवा
माझा अनुभव तौक्तेच्या आदल्या वर्षीचा, निसर्ग चक्रीवादळाचा. ३ जून २०२० ला ते अलिबागकडे आलं आणि इथे आमच्या गल्लीतल्या वडाची मोठी फांदी पडली. दोन दिवसांनी वटपौर्णिमा, वर लॉकडाऊन, दूर कुठे जाणं शक्य नव्हतं. आई आणि शेजारच्या काकूंनी त्या पडलेल्या फांदीलाच सूत गुंडाळलं. पूजा झाल्यावर बाबांनी तिची मनगटाएवढी काठी कापून मागच्या मोकळ्या जागेत रोवली. पानं गळली, महिनाभर नुसतं लाकूड. श्रावणात तांबूस कोंब फुटला. आता तो वड कुंपणाच्या वर गेलाय.