मदत हवी आहे: फ्रान्सच्या ज्वालामुखी प्रदेशात रोड बाईकवर आठवडाभर (मार्ग, गिअर, मुक्काम)

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये लिऑनला भावाकडे जाते आहे. तिथून आठवडाभर ओव्हेर्न्य या ज्वालामुखी प्रदेशात सायकल चालवायची आहे. बहुतेक दिवस एकटीच असेन, शेवटी दोन दिवस भाऊ येईल. माझी रोड बाईक पुण्याहून पेटीत घालून नेणार आहे. सिंहगड, पसरणी, वरंध हे घाट नेहमीचे आहेत आणि ३०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब सायकलफेरी) वेळेत पूर्ण होते. वेग फार नाही, पण चिकाटी आहे. वय ४७.

'आल्प्स जवळच असताना तिकडे कशाला?' असं घरीही विचारून झालंय. मी भूविज्ञान शिकवते. आपला दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून आलेल्या लाव्ह्याचा. थरावर थर बसत गेले, म्हणून आपले घाट टप्प्याटप्प्याने चढतात आणि वर सपाटी लागते. ओव्हेर्न्यमध्ये ज्वालामुखी सुटे सुटे उभे आहेत. क्लेर्माँ-फेराँच्या पश्चिमेला एका ओळीत सुमारे ८० आहेत. त्यातले सगळ्यांत तरुण काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागे होते. २०१८ मध्ये या रांगेला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. त्याच्या दक्षिणेला साँसीचा डोंगर, १,८८५ मीटर, मासिफ साँत्राल या मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातला सर्वांत उंच. त्याहून खाली कांताल, म्हणजे एकच अवाढव्य ज्वालामुखी, हिमनद्यांनी कोरून काढलेला. त्याच्या दऱ्या मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जातात. वर्गात इतकी वर्षं हे नकाशावर दाखवत आले, आता ते उतार पायांना कळायला हवेत अशी फार इच्छा आहे.

आता अडचणी. क्लेर्माँजवळच्या त्या रांगेतल्या प्वी द दोमवर (१,४६५ मीटर) सायकलने जाता येतं का? २०२३ मध्ये तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत ३५ वर्षांनी तिथे परत गेली, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. शेवटचे चार किलोमीटर सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास असल्याचं वाचलं. दुसरं, साँसी आणि कांताल दोन्ही करायचे तर सामान सायकलला लावून पुढे पुढे जावं, की दोन ठिकाणी मुक्काम करून रोज मोकळ्या सायकलने फिरावं? तिसरं गिअरचं. पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११-२८. सिंहगडला पुरतं, पण तिथे रोजच घाट आहे. आणि मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. खेड्यांत काय मिळेल? 'चीज खा' हे उत्तर सगळे देतातच, पण दिवसभर चढायचं तर त्यावर भागेल असं वाटत नाही.

जे तिकडे चालवून आलेत त्यांनी कृपया लिहा. नुसतं फिरून आलेल्यांनीही लिहा, सगळं उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

ताई, प्वी द दोमचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे आशा लावून बसणार नाही. माथ्यावरचा रस्ता सायकलींना बंद आहे. २०१२ पासून तिथे दातेरी रुळांची गाडी चालते आणि उरलेली अरुंद पट्टी कामाच्या वाहनांसाठी आहे. क्वचित एखाद्या कार्यक्रमासाठी उघडतात तेवढंच. तूरच्या वेळी शेवटच्या टप्प्यात प्रेक्षकांनाही सोडलं नव्हतं. तुम्ही कॉल द सेसापर्यंत (कॉल म्हणजे पास, खिंड; १,०७८ मीटर) सायकलने चढा, ती चढणही छान आहे. तिथे सायकल नीट कुलूप लावून ठेवा आणि म्युलेतिए नावाच्या जुन्या वळणावळणाच्या पायवाटेने माथा गाठा. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट चालणार नाहीत, साधी चप्पल-बूट पाठीवर घ्या. वर रोमनकाळातल्या मर्क्युरीच्या देवळाचे अवशेष आहेत. आणि १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी घेऊन हवेचा दाब मोजला तो हाच डोंगर. तुम्हाला आवडेल.

मुक्कामाबद्दल माझं मत पक्कं आहे: दोन ठिकाणं. साँसीजवळच्या ल माँ-दोरला तीन रात्री, कांतालमधल्या म्युराला तीन रात्री. मधला एक दिवस सेझालियेच्या पठारावरून, आलाँशमार्गे, सामानासकट. तो दिवस मोकळ्या कुरणांचा आहे, घाट कमी आणि वारा जास्त. सामान घेऊन रोज पास चढण्यात पाहायचं राहून जातं.

ल माँ-दोरहून एक फेरी चुकवू नका. कॉल द ला क्र्वा साँ-रोबेर (१,४५१ मीटर) चढून शाँबाँच्या सरोवराकडे उतरायचं, म्युरोलचा किल्ला बघायचा आणि परतताना कॉल द ला क्र्वा मोराँवरून (१,४०१ मीटर) यायचं. दुसऱ्या दिवशी कॉल द गेरी. पास ओलांडल्यावर लगेच त्युइलियेर आणि सानाद्वार हे दोन कडे समोरासमोर उभे दिसतात. त्युइलियेरचे फोनोलाइट या ज्वालामुखी खडकाचे खांब बघून तुम्हाला अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवेल, खडक वेगळा असला तरी. तिथे घाई करू नका, अर्धा तास हाताशी ठेवा.

प्रतिसाद २

कांतालबद्दल. म्युराहून दिएन, कॉल द सेर, पा द पेरोल, माँदाय, कॉल द्यु पेर्त्यु, साँ-जाक-दे-ब्ला, फाँ द सेर, लियोराँ आणि परत म्युरा. सत्तर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका आऱ्यातून चढायचं, धार ओलांडून पुढच्या दरीत उतरायचं, परत चढायचं. भूविज्ञान शिकवणाऱ्या माणसासाठी याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. प्रत्येक पासवर दरीचा यू आकार समोर उघडतो.

पा द पेरोल १,५८९ मीटर, मासिफ साँत्रालमधला सर्वांत उंच डांबरी पास. हिवाळ्यात बर्फाने बंद असतो आणि साधारण मेमध्ये उघडतो, त्यामुळे जून ठीक. फक्त निघण्याआधी तिथल्या जिल्ह्याच्या रस्त्यांची माहिती बघा. २०२४ च्या तूरमध्ये या भागात नेरोन ३.८ किमी ९.१ टक्के, पा द पेरोल ५.४ किमी ८.१ टक्के आणि पेर्त्यु ४.४ किमी ७.९ टक्के अशा चढणी लागोपाठ होत्या. त्या दिवशी लियोराँला विंगेगोर या स्पर्धकाने पोगाचारला शेवटच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. सरासरीवर जाऊ नका. पा द पेरोलचे शेवटचे दोन किलोमीटर ११-१२ टक्क्यांचे आहेत आणि सावली अजिबात नाही.

म्हणून गिअर. मागे २८ पुरणार नाही, स्पष्ट सांगतो. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो धरा. ३४-२८ वर ६० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) वेग ताशी नऊच्या वर जातो आणि १२ टक्क्यांवर त्याला साधारण २५० वॉट लागतात. ३४-३४ वर तोच केडन्स साडेसातच्या वेगाला मिळतो, म्हणजे २०५-२१० वॉट. एका चढणीला तुम्ही २८ वर उभं राहून निभावाल. चौथ्या दिवशीच्या तिसऱ्या चढणीला गुडघे नाही म्हणतील. ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवा. डिरेलरचा (साखळी गिअरवर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा तपासा: शिमानो १०५ आर७००० चा आखूड पिंजऱ्याचा ३० पर्यंतच जातो, मध्यम पिंजऱ्याचा ३४ घेतो. साखळीही लांब लागेल. हे पुण्यातच करून निदान महिनाभर त्यावर सिंहगड चढा.

उताराला खडी टाकलेले तुकडे लागतात. उन्हाळ्यात डांबराचा पातळ थर देऊन वर बारीक खडी पसरतात, गावाबाहेर तसा फलक असतो. वळणावर ती दिसली की आधीच वेग मोडा. गाईही रस्त्यावर येतात, सालेर जातीच्या, तांबूस अंगाच्या आणि लांब शिंगांच्या.

प्रतिसाद ३

खाण्याचं मी सांगते, मीही शाकाहारी. खेड्यातली दुकानं दुपारी बारा ते दोन-अडीच बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारीही बऱ्याच ठिकाणी बंद. सकाळीच बेकरीतून पाव आणि दुकानातून केळी, सुकामेवा घेऊन निघायचं. बटाटा आणि ताज्या चीजची त्र्युफाद पोटभरीची असते, पण अनेकदा हॅमसोबत येते, मागवतानाच सांगा. ल प्वीच्या हिरव्या मसूरडाळीचं सॅलड मिळालं तर सोडू नका. चीजबद्दल एक: साँ-नेक्तेर, कांताल, सालेर ही पारंपरिक चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरून करतात. तुम्हाला चालतं का ते आधी ठरवा, तिथे कोणी आपणहून सांगत नाही.

पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत जा, फुलांसाठी नळ असतो. नळावर पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढं बघा. जूनमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, म्हणून मोठा पास सकाळी. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, परतीची घाई नसते. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकती जाकिटं कायद्याने बंधनकारक आहेत, एक पातळ जाकीट खिशात ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्वी द दोमचं वाईट वाटलं, पण पायवाटेने जाणार हे ठरलं. ११-३४ साठी आजच मेकॅनिकशी बोलले. माझा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा निघाला, तोही बदलते. मुक्काम ल माँ-दोर आणि म्युरा. लिऑन ते क्लेर्माँ आणि शेवटी म्युराहून परत ट्रेन धरते आहे.

दोन गोष्टी अजून हव्यात. म्युराच्या गाडीत सायकल सुटी न करता नेता येते का, आणि रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस लावली तर तीत सायकल घेतात का? कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा. आणि भाऊ येईल त्या दिवशी पा द पेरोलवरून फाल्गूच्या कड्यांना वळसा घालत नेरोनमार्गे सालेरला उतरायचा विचार आहे. तो नवशिका आहे, ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेला घासणारे) आहेत. तो उतार त्याच्यासाठी ठीक आहे, की त्याला सालेरहून नेरोनपर्यंत चढवून तिथूनच परत आणू?