कोल्हापुरात पहिलं घर घेताना : विकणारा नक्की कोण?

आमचं घर गेल्या दिवाळीत झालं. त्याआधी दीड वर्ष रविवार म्हटला की घरं बघणं. विसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) किती द्यायचा, कागद कुणाला दाखवायचे, एजंटचं कितपत ऐकायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून पहिल्यांदाच घर घेणाऱ्या ओळखीतल्या सगळ्यांना विनंती केली की तुमचं काय झालं ते मोकळेपणानं लिहा. नावं नकोत, तुमचीही नकोत आणि समोरच्याचीही. सुरुवात माझ्यापासून, पुढे बाकीच्यांचं ज्याच्या-त्याच्या शब्दांत.

मंगळवार पेठेतलं जुनं घर होतं. मालक म्हणून थोरले भाऊ भेटले. चहा झाला. "पाव्हणं, तुमचं-आमचं ठरलं म्हणजे ठरलं," असा शब्द झाला. ५१ हजारांचं पाकीट बायकोच्या पर्समध्ये होतं, पण तिनं आधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकांच्या नावांची सरकारी नोंद, मागितलं. कार्डावर पाच नावं : आई, दोन भाऊ, दोन बहिणी. "बहिणी नांदायला गेल्या, त्यांची काय हरकत न्हाई," असं एजंट म्हणाला. पाकीट पर्समध्येच राहिलं. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की एकतर खरेदीखतावर बहिणींच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

पुढच्या रविवारी गडहिंग्लजला धाकट्या बहिणीकडे गेलो. ती गोठ्यातून आली, पदराला हात पुसले, कागद घेतला आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "वडील गेल्यापास्नं माझं नाव लिवल्यालं पहिल्यांदा बघतोय," म्हणाली. मग जरा थांबून, "सही करतो की. पण माझ्या वाट्याचा चेक माझ्या नावानं पायजे."

थोरल्यांना ते रुचलं नाही. चार महिने गेले. शेवटी दुय्यम निबंधकांसमोर पाचही जण बसले, पाच चेक निघाले. किंमत सांगणारा माणूस आणि विकणारा माणूस एकच आहे असं धरून चालू नये, हे मी कळवळून सांगतो. वडिलोपार्जित घरात बहिणीला गृहीत धरणं कायद्यानं चालत नाहीच, पण मला ते माणुसकीलाही धरून वाटत नाही.

दुसरा अनुभव : शाहूपुरी परिसरात तळमजला बघितलेला मी. मार्च महिना, नवा रंग, किंमत आसपासच्यापेक्षा बरीच कमी. आईला वरचे जिने चढवत नाहीत, त्यामुळे आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. आईनंच विचारलं, "सगळी बटणं एवढी वर का रे?" प्लगसुद्धा छातीच्या उंचीला होते. मालक म्हणाले, लहान मुलांसाठी. बाहेर येऊन समोरच्या किराणा दुकानदाराला विचारलं. त्यांनी काही न बोलता शटरवर हात ठेवून दाखवला, माझ्या खांद्याइतका. "एकोणीसला हितपत. एकवीसला परत."

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे पुराचा इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एवढं माहीत असून घर बघताना माझ्या डोक्यात पंचगंगा आली नाही, रंग आणि टाइल्सच आल्या. आता मी आधी पूररेषेच्या नकाशात निळी (मोठ्या पुराची) आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची) रेषा कुठून जाते ते बघतो, मगच घर. शेजाऱ्यांना विचारायचं ते मालक सोबत नसताना.

तिसरा अनुभव : एजंटबद्दल मला लिहायचंय. आम्हाला एकाच आठवड्यात तिघे भेटले. पहिल्यानं सांगितलं, "संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येत्या." घाबरून २५ हजार रोख दिले, पावती घेतली नाही. दोन दिवसांत मालकाची किंमत दोन लाखांनी वाढली आणि आमचे पैसे निघायला पावसाळा उजाडला. आता विसार चेकनं, आणि विसार पावतीवर पूर्ण किंमत, साठेखताची (खरेदीखताआधीच्या कराराची) मुदत, व्यवहार फिसकटला तर रक्कम कधी परत, हे सगळं लिहून. ज्यांच्यामार्फत शेवटी फ्लॅट घेतला त्या काकांनी मात्र आधीचे दोन फ्लॅट आम्हाला घेऊ दिले नाहीत. एकावर बँकेचा बोजा होता, दुसऱ्याला राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. दोन्ही वेळा त्यांची दलाली बुडाली. त्यांना दोन टक्के देताना हात आखडला नाही.

चौथा अनुभव : प्लॉट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. शहराबाहेर एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, स्वस्तात मिळत होता. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'देवस्थान इनाम' होतं, म्हणजे देवळासाठी दिलेली, सहजी विकता न येणारी जमीन. आपल्या जिल्ह्यात अशा जमिनी खूप आहेत. विकणारा कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) दाखवत होता. वकिलांनी दुसरं पानही उलटलं नाही.

पाचवा अनुभव : नव्या इमारतीत बुकिंग केलं तेव्हा बिल्डरनं करार करण्याआधीच ३० टक्के मागितले. बिल्डरांना लागू असलेल्या रेरा कायद्यात नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. शांतपणे तेवढं सांगितलं, करार आठवड्यात झाला.

सहावा अनुभव : मी नर्स आहे, घर एकटीच्या नावावर घेतेय. महिलेच्या नावानं मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढ्यात माझं स्वयंपाकघर होईल. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "मिस्टर कधी येणार?" भाऊ सोबत असला की बोलणं त्याच्याशी. मी पगारपत्रक आणि बँकेचं मंजुरीपत्र फाइलच्या पहिल्याच पानावर लावायला लागले. मग बोलणं माझ्याशी व्हायला लागलं.

जवाहरनगरातलं एक घर ठरलं होतं. साठेखताच्या आदल्या दिवशी मालकांचा फोन आला, जरा येऊन जा. गेले तर त्यांची आई उंबऱ्यावर बसलेली, उठायला तयार नाही. मुलगा पुण्याला नेणार होता, त्यांना जायचं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि नुसत्या बघत राहिल्या. रात्रपाळीत असे हात मी रोज धरते, मला तो सोडवून घेता आला नाही. विसार पावतीत दुप्पट परतीची अट होती. मी दिला होता तेवढाच परत घेतला. मुलानं पावतीवर 'रक्कम पोहोचली' असं माझ्याकडून लिहून घेतलं, आजींनी आतून साखर आणून हातावर ठेवली.

परवा कळंब्याला एक फ्लॅट बघायचाय. या वेळी घरातल्या सगळ्यांना भेटायचं असं आधीच कळवलंय.