पेपर पीसिंग: दोन ब्लॉक जोडले की चांदणीची टोकं शिलाईत गडप!

सुईदोरा_नाशिक
भाचीच्या बाळासाठी रजई करतेय, पेपर पीसिंगने, म्हणजे कागदावर नक्षी छापून त्या रेघांवर कापडाचे तुकडे शिवत. सहा इंची चांदणीचे, म्हणजे सॉटूथ स्टारचे, बारा ब्लॉक (रजईचे चौकोन) करायचेत, पाच झाले. सुटा ब्लॉक बघितला तर टोकं सुईसारखी. पण दोन ब्लॉक शेजारी जोडले की टोक बोथट होतं, एका चांदणीचं तर चक्क कापलंच गेलं. तीनदा उसवलं, आता कापड भुसभुशीत झालंय. ब्लॉक झाला की कागद फाडते, इस्त्री करते, मग जोडते. आजी नजरेच्या अंदाजाने वाकळ शिवायची, तिचं कधी काही चुकलं नाही. मी कागदावर रेघा छापूनही चुकतेय!

चिंधीचोर
ब्लॉक मोजलात का? शिलाईच्या मार्जिनसकट साडेसहा भरायला हवा. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ राहिलं असेल तर नक्षी आटते. कागदावर एक इंचाचा चौकोन असतो, तो पट्टीने तपासा.

सुईदोरा_नाशिक
अरे देवा. सव्वासहाच्या जेमतेम वर भरतोय. पाचही!

कोल्हापूरची_शिंपीण
ताई, प्रिंट पुढच्या वेळी शंभर टक्क्यांवर काढाच, पण टोकं त्यामुळे जात नाहीत. नक्षी आटली ती सगळी सारखीच आटली, मार्जिन फक्त केसभर कमी झालं. तुमचा घोटाळा कागद लवकर फाडण्यात आहे.

मी तीस वर्षं ब्लाउज शिवले, मार्जिन डोळे मिटून सोडायचे. तरी पेपर पीसिंगमध्ये पहिल्या वर्षी माझीही टोकं गेली, कारण मी मशीनच्या फूटच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबणाऱ्या पट्टीच्या, कडेने शिवत होते. साध्या फूटची कड सुईपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, असतेच असं नाही, बऱ्याचदा जास्त असते. तेवढ्यात टोक गेलं. कागद राहू दिलात तर शिवायची रेघ समोर छापलेलीच आहे, फूटकडे बघायचंच नाही. शिवाय तिरक्या विणीची कड कागदाविना ताणली जाते.

जोडताना एका ब्लॉकच्या टोकातून टाचणी सरळ आरपार घाला, ती दुसऱ्याच्या टोकातूनच निघाली पाहिजे. ती उभी ठेवून दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावा, मग उभी काढा. आडवी केलीत की कापड सरकलंच. आता फक्त टोकापाशी, इंचभर अंतरात, लांब टाके मारा (मी मशीनवर टाक्याची लांबी ४ वर ठेवते) आणि उघडून बघा. चुकलं तर एक दोरा ओढला की सुटतं. जमलं तर १.५ वर पक्की शिलाई. टोकावरून जाताना रेघेच्या बाहेर, मार्जिनकडे, एक धागाभर सरका. कापड दुमडतं तेव्हा घडीतच तेवढं जातं.

इस्त्री कोरडी, वाफेने कागद वाकतो. चारी बाजू जोडल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही.

चिंधीचोर
१.५ चा टाका उसवायला मात्र जीव जातो, आणि कागद तिथेच फाटतो. मी एकदा सेलोटेपने चिकटवला आणि वर इस्त्री फिरवली. इस्त्रीचा तळ अजून चिकट आहे.

कोल्हापूरची_शिंपीण
म्हणून तर आधी लांब टाका! आणि ताई, दोन सूत मार्जिन कापायला कागद रेघेवर दुमडता ना, तेव्हा खाली जाड लग्नपत्रिका धरा. घडी सरळ येते. घरात ढीग असेलच.

सुईदोरा_नाशिक
काल रात्री नवा प्रिंट काढला, चौकोन बरोब्बर इंचभर. दोन ब्लॉक कागदासकट जोडले. पहिल्यांदा लांब टाका चुकला, ओढून काढला, दुसऱ्यांदा टोकाला टोक टेकलं! नवऱ्याला उठवून दाखवलं, तो म्हणाला, “छान, कुठे बघायचं?”

टाक्याशी अडकलेले कागदाचे कण मात्र चिमट्याने वेचत बसले. आटलेल्या पाच ब्लॉकच्या उश्या करते. बाळाला काय कळतंय, भाचीची सासू तेवढी बघेल.