मल प्रत्यारोपण, मलसंक्रमण की आणखी काही?

कुळागर: संमतिपत्रक मराठीत करतोय. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब लावणारा जंतू औषधं घेऊनही परत परत उलटतो, तेव्हा निरोगी माणसाचा मल रुग्णाच्या आतड्यात सोडतात. मी 'मल प्रत्यारोपण' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'मलसंक्रमण' केलं. रक्तसंक्रमण चालतं, मग हे का नको, म्हणतात.

खाजन: कारण लोक ते 'मलातून लागण' असं वाचतील! मराठीत संक्रमण सूर्याचं, रोगाचा तो संसर्ग. पण हिंदी वाहिन्यांनी शब्द कधीच पळवला. अशा कागदावर सही कोण करील?

तिसवाडी: प्रत्यारोपणही फसवंच. मूत्रपिंडासारखी जुळणी नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नाहीत, रक्तगटसुद्धा बघत नाहीत. बघतात ते दात्याला काही चिकटलंय का: एचआयव्ही, कावीळ बी-सी, गरमी (सिफिलिस), जंत, औषधांना न जुमानणारे जंतू. ही शेवटची तपासणी राहून गेली आणि अमेरिकेत एक रुग्ण तशाच ई. कोलाय जंतूने दगावला. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तसा इशारा काढला.

शुद्धमती: आपल्याकडे 'बस्ती' आयता आहे. मलबस्ती!

तिसवाडी: बस्ती खालूनच. १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला सर्जन आइसमन यांनी चौघांना एनिमाच दिला होता, तिथे शोभला असता. पण २०१३ च्या डच चाचणीत नाकातल्या नळीने लहान आतड्यात सोडला. १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. आता कॅप्सूलही निघाल्यात. त्यांना बस्ती म्हणणार?

खाजन: मग 'विरजण' का नको? कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही. व्हॅन्कोमायसिन हे जंतू मारणारं औषध आतड्यात असताना मल सोडला तर तोच प्रकार, नवे जीवाणूही मरतात. म्हणून औषध एक-दोन दिवस आधी बंद, मग जुलाब देऊन आतडं साफ.

तिसवाडी: विरजणात दोन-चार जातींचे जीवाणू, इथे शेकडो. आणि कृती दह्याची नव्हे. साधारण ५० ग्रॅम मल, १५० मिलिलिटर सलाईन, मिक्सरमधून काढून गाळायचा. चोथा राहिला की दुर्बिणीची नळी तुंबते. साठवायचा तर १० टक्के ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर. एकदा वितळला की सहा तासांत संपवायचा, परत गोठवायचा नाही.

कुळागर: तेही असो, पण मल झाकला तर ती संमती कसली? चिनी वैद्य याला 'पिवळं सार' म्हणत. रुग्णाला पत्ता लागू नये म्हणूनच ना?

शुद्धमती: मग सरळ 'गू' लिहा. संस्कृत 'गूथ'वरून आलाय, मलाइतकाच खानदानी.

खाजन: 😂 कागदावर नको. बरं, 'लावणी'? तरवा उपटून चिखलात लावतात तशी. बांध फुटून खारं पाणी शिरलं की शेत पुन्हा लावावं लागतं, तेच इथे.

शुद्धमती: मललावणी! फड आणि ढोलकी आठवेल. आणि 'तरवा' घाटावर कोणाला कळणार? रोप म्हणा.

खाजन: रोप एकेकटं. तरवा म्हणजे दाट पेरलेला अख्खा वाफा. घाटावरच्यांनी शिकावा.

कुळागर: अहो, माझं पत्रक? दात्याला तरी काय लिहू, 'मलदाता'?