मदत हवी आहे: साताऱ्यातल्या जुन्या चर्चच्या व्यासपीठाखाली हौद निघालाय, चर्च मुळात बाप्टिस्टांचं असेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चची दुरुस्ती चालू आहे. व्यासपीठाच्या फळ्यांना वाळवी लागली होती, त्या उचलल्या तर खाली चुन्यात बांधलेला हौद निघाला. साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद, दोन्ही टोकांना पायऱ्या, तळाला पाणी सोडायचं भोक. एकीकडून उतरायचं, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा आणि दुसरीकडून वर यायचं, यासाठीच तो बांधला असावा.

पण साताऱ्यात जुनं काम अमेरिकन मराठी मिशनचं. ते काँग्रिगेशनल पंथाचे, तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देणारे. बाप्टिस्ट मात्र जो स्वतः विश्वास कबूल करतो त्यालाच, तोही पूर्ण बुडवून देतात. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात दोन्ही परंपरांच्या मंडळ्या आल्या. आता सगळे नुसतं ‘सीएनआय’ म्हणतात, मूळ चर्च कोणाचं हे सांगणारं कोणी उरलं नाही. पुलपिट (प्रवचनाचा उंच कट्टा) मधोमध आहे, पण तसं ते दोघांकडेही असतं.

छपरावरच्या एका कौलावर बासेल मिशनचा (कौलांचे कारखाने चालवणारं स्वित्झर्लंडचं मिशन) शिक्का आणि १८६५ हा आकडा आहे. कमिटीतले काहीजण तेच चर्चचं साल धरून बसलेत. माझ्या मते ते मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे कौल बहुधा त्याआधीचं, एवढंच म्हणता येईल. शिवाय कौलं मागाहूनही बदललेली असू शकतात.

मिरज, कोल्हापूर, नगरकडच्या जुन्या चर्चमध्ये असा हौद कोणी पाहिलाय का? असेल तर फोटो टाका. अमेरिकन बोर्डाची (अमेरिकन मराठी मिशन चालवणारी संस्था) जुनी कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत, तिकडे कोणी असेल तर साताऱ्याची पत्रं बघून द्याल का? बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर आम्ही इथे शोधतोच आहोत. त्यात तान्ह्या बाळांची नावं निघाली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आणखी एक. वाई-मेणवलीकडे वाड्यांचं चुन्याचं काम केलेला गवंडी कोणाच्या ओळखीत आहे का? ठेकेदार भिंतींना सिमेंट मारायचं म्हणतोय. दगडी भिंतीतली ओल मग आतच कोंडेल, हे त्याला पटत नाही. हौदही भर टाकून बुजवायचा आणि वर फरशी करायची असं ठरत होतं. पाळकसाहेबांनी माझ्या आग्रहावरून महिनाभर काम थांबवलंय. तेवढ्यात काही हाती लागलं तर कमिटीपुढे ठेवता येईल.