टाच बसलेल्या घोडीला पावसात बंद नाल ठोकावा का?

वाळपईची घोडीवाली
माझी चांदणी नऊ वर्षांची, पुण्याला शर्यतीत धावलेली. पुढच्या दोन्ही खुरांचं टोक लांबलंय, टाच आत दुमडून खाली बसलीय. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, मऊ वाटेवर बरी चालते, चिऱ्यांच्या फरशीवर मात्र पावलं आखूड टाकते. नालबंद चोर्ला घाट उतरून बेळगावहून येतो, पावसाळ्यात दहा-दहा आठवडे येत नाही. गेल्या खेपेला नाल निघू नये म्हणून त्याने पार टाचेपर्यंत खिळे मारले. तिसऱ्या दिवशी लंगडली. आता तो मागून जोडलेला, अंडाकृती बंद नाल घालू म्हणतो. रोज पहाटे ती एक पाय पुढे टाकून उभी दिसते, जीव तुटतो माझा.

नालबंदाचा मुलगा
ताई, खिळे मागे नेले तिथेच घात झाला. भार पडला की टाच किंचित फाकते, पाय उचलला की मिटते. तिथे खिळा मारला म्हणजे ती जखडली. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढेच हवेत. अंडाकृती नाल टाचेला मागून आधार देतो हे खरं, पण टोक तसंच लांब ठेवलं तर काय उपयोग? आधी टोक मागे घ्यायला सांगा, तेही एका बैठकीत नव्हे. शिवाय चिखलात तो टाचेमागे बाहेर आलेला नाल रुततो, मागच्या पायाखाली येऊन उपटतो आणि खुराची भिंतही सोलून नेतो. माझे वडील पावसात तो शक्यतो टाळतात. आणि दहा आठवडे फार झाले. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, अशा घोडीला पाच आठवड्यांनी हात लागायलाच हवा.

डिचोलीचा पशुवैद्य
नाल ठरवण्याआधी बाजूने एक्स-रे काढा. आतलं हाड कुठल्या कोनात आहे आणि तळवा किती जाड आहे, हे बाहेरून कळत नाही. दोन्ही खूर गरम, घोट्यामागची नाडी जोरात उडतेय आणि घोडी भार मागच्या पायांवर टाकून उभी राहतेय, असं दिसलं तर तो लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह, समजा. दाणा बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, नालबंद नंतर.

वाळपईची घोडीवाली
एक्स-रे झाला. हाड फिरलेलं नाही, तळवा मात्र पातळ आहे. मागचे खिळे काढल्यावर दोन दिवसांत पाय पुढे टाकणं थांबलं. काल टोक थोडं मागे घेऊन साधाच नाल, टाचेमागे जरा लांब ठेवून बसवला, खिळे सगळे पुढे. तबेल्यात भाताचं तूस पसरलंय, खूर कोरडे राहावेत म्हणून. आज फरशीवरून पाणवठ्यापर्यंत न अडखळता गेली. चिखल सरला की बंद नालाचं पुन्हा बघू. पुढची तारीख नालबंदाकडून आत्ताच घेतली आहे, घाट बंद असला तर मी गाडी घेऊन अनमोडमार्गे त्याला आणीन.