आयडिया जिओने बुडवली की विलीनीकरणाने?

भोरकर:
'व्होडाफोनने हात दिला नसता तर आयडिया 2018 लाच संपली असती,' असं इथे एकाने ठोकून दिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय. महाराष्ट्र-गोवा आणि गुजरात सर्कलवर (म्हणजे परवान्याच्या विभागांवर) उभी राहिलेली ही बिर्लांची मोबाइल कंपनी. मग टाटांबरोबर आंध्र आलं, पुढे मध्य प्रदेश, मग एस्कोटेल आणि स्पाइस या कंपन्या. मुंबईत पोचायला 2008 उजाडलं, तरी देशात तिसरी आणि आपल्या सर्कलमध्ये पहिली! खेड्यापाड्यांतलं गिऱ्हाईक सांभाळून कमावलेली जागा होती ती. ऑगस्ट 2018 ला दोघींचं विलीनीकरण झालं तेव्हा व्होडाफोनकडे 45 टक्क्यांच्या आसपास शेअर, बिर्लांकडे 26. ग्राहक 40 कोटींच्या वर. मग दोन नेटवर्क जुळवण्यातच वेळ गेला आणि तेवढ्यात जिओ, एअरटेल पुढे निघून गेले.

ताळेबंद:
ऑक्टोबर-डिसेंबर 2016 ची तिमाही बघा. आयडियाचा शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिला तोटा. विलीनीकरणाची घोषणा त्यानंतर, मार्च 2017 ला. आधीच्या 2015 च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल लहरींच्या, लिलावात 30 हजार कोटींवर उधळले, ते कोणी?

भोरकर:
उधळले? परवान्यांची 20 वर्षं संपत होती. स्वतःचाच 900 मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम परत विकत घ्यावा लागला. नसता घेतला तर दुकान बंद!

माहेरवाशीण:
स्पेक्ट्रम राहू द्या, किमान रिचार्जबद्दल बोला. आई फोन वापरते तो फक्त आमचे कॉल घ्यायला. 2018 च्या शेवटापासून त्यालाही पैसे. कंपनीचं नाव घेत नाही. एकदा तारीख हुकली, आउटगोइंग बंद झालं, आणि त्याच दिवशी ती न्हाणीघरात पडली. शेजारीण डोकावली म्हणून कळलं.

टॉवरवाला:
ताई, वाईट झालं. पण 2003 पर्यंत इनकमिंगला मिनिटागणिक पैसे पडायचे. टॉवरला वीज, डिझेल लागतं, फुकट कसं परवडणार?

माहेरवाशीण:
मला इतिहास शिकवू नका. फुकट मागितलंय कोणी? म्हाताऱ्या माणसाला वर्षाचं एकच स्वस्त रिचार्ज द्या, एवढंच म्हणतेय.

टॉवरवाला:
ते द्यायला हवं. मान्य.

ताळेबंद:
मूळ मुद्दा. 2019 चा एजीआरचा, म्हणजे कंपन्यांनी सरकारला द्यायच्या महसुली वाट्याचा, सुप्रीम कोर्टाचा निकाल एकट्या आयडियाला झेपला असता?

भोरकर:
नसता, हे कबूल करतो. पण तिच्या वाट्याची थकबाकीच तिला भरावी लागली असती, दोघांची नाही. स्पेक्ट्रमच्या थकबाकीपोटी आणि व्याजापोटी शेअर घेऊन सरकार आता एकत्र झालेल्या व्होडाफोन-आयडियाचं 49 टक्क्यांच्या आसपास मालक झालंय.

माहेरवाशीण:
सरकार एवढं मालक असेल तर वर्षाच्या रिचार्जची सुरुवात तिथूनच करा.